मधलं नाव : २० जानेवारीला माझ्या लेकीने काय ऐकलं

जाईजुई_एडिसन | २० जानेवारी २००९, रात्री १०:४०

आत्ताच लेकीला झोपवून खाली आले. सिंकमध्ये भांडी तशीच पडली आहेत. पण आज लिहिलं नाही तर उद्यापासून परत ऑफिसचा धबडगा आणि ते राहूनच जाईल, म्हणून आधी हे लिहायला बसले.

मुलगी आठ वर्षांची, तिसरीत आहे. नाव मृण्मयी. तिच्या पणजीने सुचवलेलं, आम्ही हौसेने ठेवलेलं. इथल्या शाळेत ते कुणाच्याच जिभेवर बसत नाही. पहिलीच्या बाईंनी दोनदा प्रयत्न केला आणि मग प्रेमानेच विचारलं, "मिनी म्हटलं तर चालेल का तुला?" ही लगेच हो म्हणून मोकळी झाली. तेव्हापासून घराबाहेर ती मिनी. डब्यावर मिनी, दप्तरावर मिनी, वाढदिवसाच्या केकवरसुद्धा मिनी.

गेल्या वर्षी शाळेचा फॉर्म भरत होते तेव्हा माझ्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाली, "आई, मधलं नाव नको ना लिहूस. सगळ्या मुलींची मधली नावं ग्रेस, रोझ अशी असतात. माझं मधलं नाव मुलाचं आहे." आपल्याकडे मध्ये वडिलांचं नाव लावतात, तशी रीत आहे, हे मी समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि परत तेच म्हणाली, नको लिहूस. मी ती जागा कोरी सोडली. फॉर्म देऊन आल्यावर गाडी सुरू न करता बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

आज शाळेत सगळ्या तिसरीच्या मुलांना एका मोठ्या खोलीत जमिनीवर बसवून टीव्हीवर ओबामाचा अध्यक्षपदाचा शपथविधी दाखवला. संध्याकाळी तिला घ्यायला गेले तर पट्टा लावायच्या आधीच पहिला प्रश्न, "आई, त्याचं मधलं नाव हुसेन आहे. ते त्याच्या बाबांचं का?"

म्हटलं, नाही ग. बराक हे त्याच्या बाबांचं नाव, तेच त्यालाही ठेवलं. हुसेन हे आजोबांचं, केनियातल्या आजोबांचं. तिने खिडकीबाहेर बघत जरा विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे त्याने फॉर्ममध्ये सगळं लिहिलं."

काय बोलणार मी यावर?

गेलं वर्षभर हेच मधलं नाव शिवीसारखं वापरलं गेलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. सभांमध्ये माईकवरून तीन शब्द मुद्दाम सावकाश उच्चारायचे आणि समोरच्या गर्दीकडे बघायचं. ऑक्टोबरमध्ये कॉलिन पॉवेल टीव्हीवर बोलले ते मी विसरणार नाही. ते स्वतः रिपब्लिकन, बुशचे परराष्ट्रमंत्री राहिलेले. ते म्हणाले, तो मुसलमान नाहीच, ख्रिश्चन आहे. पण असता तरी काय बिघडलं असतं? मग त्यांनी पाहिलेल्या एका फोटोबद्दल सांगितलं. आर्लिंग्टनच्या दफनभूमीत एक आई मुलाच्या थडग्याच्या दगडाला डोकं टेकून बसली आहे. दगडावर चंद्रकोर आणि चांदणी. मुलगा इराकमध्ये गेला, वय २०. आमच्या न्यू जर्सीचाच होता.

नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला ती रात्र कुणीच विसरलेलं नाही. तिकडे रात्र, इकडे बुधवारची दुपार, दुसऱ्या दिवशी थँक्सगिव्हिंग. मी ऑफिसात सीएसटीची दृश्यं बघत दादरला फोन लावत होते. बाबांनी फोन उचलेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. आमच्या शेजारी हैदराबादचं कुटुंब आहे. त्या घरातली आई त्या रात्री डाळ-भाताचा डबा घेऊन आली आणि माझ्याजवळ बसून रडली. त्यांच्या मुलाच्या नावातही मध्ये हुसेन आहे. त्या आठवड्यात तिने त्याला बजावलं होतं, स्कूलबसमध्ये पूर्ण नाव सांगत बसू नकोस. हे तिने मला परवा सांगितलं. इतके दिवस तिलाही ते बोलवलं नव्हतं. माझी लेक आपण होऊन नाव गाळते, तिच्या लेकाला भीतीने गाळावं लागतं. मुलं मात्र एकाच बसमधली.

आता मला काय आशा आहे ते सांगते. अर्थव्यवस्था चार महिन्यांत सुधारेल असं मला वाटत नाही. गेल्या वर्षात २६ लाख नोकऱ्या गेल्या. डिसेंबरचा बेकारीचा आकडा ७.२ टक्के आहे. नवऱ्याच्या ऑफिसात दर शुक्रवारी कुणाचं तरी टेबल रिकामं होतंय आणि पुढच्या शुक्रवारचं बोलणं आम्ही घरात टाळतो. तरी आज मला असं वाटलं की माझी लेक ज्या देशात जन्मली, त्या देशात ती पाहुणी नाही, हे कुणीतरी तिला मोठ्याने सांगितलं. मी कितीही सांगितलं तरी आईचं सांगणं वेगळं असतं.

भाषणात तो म्हणाला, हा देश ख्रिश्चन आणि मुसलमानांचा, ज्यू आणि हिंदूंचा, आणि देव न मानणाऱ्यांचाही आहे. मृण्मयी सांगत होती, "हिंदू म्हणाला तेव्हा चार मुलांनी वळून माझ्याकडे बघितलं."

"मग तू काय केलंस?"

"मी हात वर केला."

मी २००७ मध्ये नूअर्कला नागरिकत्वाची शपथ घेतली. त्या दिवशी खरं सांगायचं तर मला भारताचा पासपोर्ट सोडल्याचं दुःखच जास्त झालं होतं. ४ नोव्हेंबरला पहिल्यांदा मत दिलं. केंद्र ६ वाजता उघडणार होतं, आम्ही मायलेकी पावणेसहापासून थंडीत रांगेत. ते दुःख त्या रांगेत थोडं हललं आणि आज आणखी थोडं हललं.

तुमच्या घरी मुलांशी काय बोलणं झालं? लहान मुलांचं ऐकायला जास्त आवडेल.

---

मिशिगनकाठ | २० जानेवारी २००९, रात्री ११:५२

जाईजुई, तुझं वाचून उठून पाणी पिऊन आले. मी इथे कधी घरचं लिहीत नाही, आज लिहिते.

माझा नवरा आफ्रिकन-अमेरिकन आहे. आमचं लग्न २००१ मध्ये झालं. नाशिकहून कुणी आलं नाही. बाबांनी फोनवर एकच वाक्य म्हटलं होतं, ते मी इथे लिहिणार नाही. आपल्या लोकांत गोऱ्या जावयाचं कौतुक होतं आणि काळ्या जावयाचं नाव घरात काढत नाहीत, हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. आई चोरून फोन करायची. मुलगा झाला तेव्हा बाबांनी विचारपूस केली ती आईच्या तोंडून.

मुलगा आता पाच वर्षांचा आहे. ४ नोव्हेंबरला आम्ही त्याला घेऊन ग्रँट पार्कात ओबामाच्या सभेला गेलो. नोव्हेंबर असूनही जाड जाकीट लागत नव्हतं, शिकागोत असं होत नाही. दहा वाजता पडद्यावर निकाल आला आणि क्षणभर काही कळेचना, नुसता आवाज. माझा नवरा सहा फुटी माणूस, त्याच्या खांद्यावर मुलगा, आणि तो उभ्याउभ्या हुंदके देत होता. मुलगा वरून त्याचं डोकं थोपटत होता. शेजारच्या एका वयस्कर बाईंनी माझा हात धरला तो भाषण संपेपर्यंत सोडला नाही. त्या मिसिसिपीत वाढलेल्या. त्यांच्या वडिलांना तिथे मत देता आलं नव्हतं. कागदावर हक्क होता, पण नाव नोंदवायला गेलं की काही ना काही कारण काढून परत पाठवायचे. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानंतर दार उघडलं, तोवर वडील गेले होते. ओबामाने भाषणात अ‍ॅटलांटाच्या १०६ वर्षांच्या अ‍ॅन निक्सन कूपर यांचं नाव घेतलं तेव्हा या बाई "हो, हो" असं पुटपुटत होत्या, देवळात कीर्तनाला बायका मान डोलवतात तशा.

१९६१ मध्ये ओबामा जन्मला तेव्हा त्याच्या गोऱ्या आईचं आणि काळ्या बापाचं लग्न कितीतरी राज्यांत बेकायदा ठरलं असतं. सुप्रीम कोर्टाने ते कायदे रद्द केले १९६७ मध्ये. माझ्या नवऱ्याच्या जन्माच्या जेमतेम एक वर्ष आधी.

आज शिकागोत सकाळचे अकरा, नाशिकला रात्रीचे साडेदहा. शपथ झाली आणि दहा मिनिटांत फोन वाजला. बाबा होते. आठ वर्षांत त्यांनी पहिल्यांदा स्वतः नंबर फिरवला. म्हणाले, "टीव्हीवर बघत होतो. त्याला दे जरा फोन." मला वाटलं मुलाला. मी मुलाला हाक मारली तर म्हणाले, "त्यालाही देशील. आधी जावईबापूंना दे."

बाबांना इंग्रजी बेताचंच येतं. नवऱ्याला मराठी येत नाही. दोघं चार मिनिटं काय बोलले मला माहीत नाही, मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसले होते.

---

रानवारा | २१ जानेवारी २००९, पहाटे १२:२०

मिशिगनकाठ, काही सुचत नाही. तुला आणि तुझ्या बाबांना नमस्कार. आज याच्यापुढे काही लिहिणार नाही.

---

कसबेकर | २१ जानेवारी २००९, पहाटे ३:१५ (भारतीय वेळ दुपारी)

दोघींचं लेखन मनापासून आहे, वाचून बरं वाटलं. तरी पुण्यात बसून जे दिसतं ते सांगणं मला भाग आहे.

बुशला तुम्ही तिकडे शिव्या द्या, तुमचा हक्क आहे. पण भारतासाठी अणुकरार त्याने तडीस नेला. ऑक्टोबरात सह्या झाल्या आणि १९७४ च्या अणुचाचणीपासून आपल्या अणुव्यापारावर जे कुलूप होतं ते निघालं. ओबामा मात्र प्रचारात सारखा म्हणत होता की नोकऱ्या बाहेर पाठवणाऱ्या कंपन्यांच्या करसवलती काढून घेणार. माझा मुलगा हिंजवडीत आहे, दोन महिने बेंचवर, म्हणजे कामाविना. प्रोजेक्ट अमेरिकन बँकेचं होतं, सप्टेंबरात लेहमन बँक बुडाली आणि त्या धक्क्यात हेही गेलं. मागच्या वर्षी फ्लॅटचं कर्ज घेतलंय. सून बाळंतपणाला माहेरी आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. तिकडच्या आईच्या आशेने इकडच्या बापाच्या पोटात गोळा येतो, हेही समजून घ्या.

दुसरं. आपल्याकडेही यंदा लोकसभा आहे. २६/११ नंतर गेटवेला हजारो लोक मेणबत्त्या घेऊन आले. माझी पुतणीही गेली होती. तिला विचारलं, मतदारयादीत नाव आहे का? नव्हतं. जाईजुई पावणेसहाला रांगेत उभी राहिली, ते मला त्या भाषणापेक्षा मोठं वाटतं.

---

जाईजुई_एडिसन | २१ जानेवारी २००९, सकाळी ७:५०

कसबेकर काका, तुमचा प्रतिसाद ऑफिसला निघता निघता वाचला आणि परत खुर्चीत बसले. तुमच्या मुलाला लवकर प्रोजेक्ट मिळो. सुनेला सांगा काका, बायकांना कळतंच, आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही याचं वाईट जास्त वाटतं. मी त्यातून गेले आहे.

आउटसोर्सिंगचं तुमचं म्हणणं खरं आहे आणि त्याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. माझा नवरा इकडे टेबल रिकामं होण्याची वाट बघतोय, तुमचा मुलगा तिकडे काम येण्याची. बुडाली ती बँक एकच. घरावर घरं गहाण टाकून ज्यांनी पैसे केले, त्यांनी दोघांच्याही पोटावर पाय दिला. काल भाषणात ओबामाने काहींची हाव आणि बेजबाबदारपणा असे शब्द वापरले आणि त्याच दमात आपण सगळ्यांनी अवघड निर्णय टाळले असंही म्हटलं. निवडून आलेला माणूस पहिल्याच दिवशी लोकांना त्यांची चूक दाखवतो, हे मला आवडलं.

पुतणीचं नाव नोंदवलंत का?

---

माणदेशी | २१ जानेवारी २००९, दुपारी १:३०

मी डॅलसजवळ. एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, सातवं वर्ष. ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. ज्यांना ही रांग माहीत नाही त्यांच्यासाठी : नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला १ लाख ४० हजार, आणि कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांच्या वर नाहीत. भारत असो की आइसलँड, मर्यादा तीच. म्हणून आपली माणसं वर्षानुवर्षं तारखा बघत बसतात. दर महिन्याला नवा तक्ता येतो, आपली तारीख कधी दोन आठवडे पुढे सरकते, कधी दोन वर्षं मागे जाते.

मला मत नाही. माझ्या मुलाला पुढे मिळेल, तो इथे जन्मला, चार वर्षांचा आहे. घरात एकच अमेरिकन नागरिक आहे आणि त्याला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही.

१२ जानेवारीला मला कंपनीने काढलं. एच-१बी वाल्याला नोकरी गेल्यावर थांबायला आत्ता, २००९ मध्ये, ठरलेली मुदत कायद्यात नाही. दुसरा मालक सापडला आणि त्याने ताबडतोब कागद केले तर ठीक, नाही तर सामान बांधा. बायकोने दोन याद्या केल्या आहेत, एक काय विकायचं त्याची आणि एक काय न्यायचं त्याची. मुलाची सायकल अजून कुठल्याच यादीत नाही.

काल घरीच होतो म्हणून सगळा सोहळा बघता आला. मुलगा मांडीवर होता. त्याला ओबामाच्या मुलींमध्येच रस, आणि त्यांना जे कुत्र्याचं पिल्लू कबूल केलंय ते कधी येणार यात. मी मात्र एका वाक्याला अडकलो. ओबामा म्हणाला, ज्याच्या बापाला साठेक वर्षांपूर्वी इथल्या हॉटेलात कदाचित वाढलंही नसतं, तो माणूस आज तुमच्यासमोर शपथ घेतोय. त्याचा बापही शिकायला आलेला परदेशी विद्यार्थी होता. व्हिसावर आलेला आणि परत गेलेला. मीही जाईन कदाचित, आटपाडीला. माझं पोरगं कधी तरी परत येईल आणि रांगेत उभं न राहता आत जाईल. ही आशा म्हणायची की काय, मला अजून नीट सांगता येत नाही. पण काल ती होती.

कुणाकडे जावा, ओरॅकलची ओपनिंग असेल तर निरोप टाका.

---

निवडुंग | २१ जानेवारी २००९, दुपारी ३:०५

माणदेशी, निरोप टाकलाय. फिनिक्समध्ये माझा एक मित्र आहे, त्याच्याकडे आजच बायोडेटा पाठव. कागदपत्रांचा वकीलही सुचवतो.

आता माझं. मी रिपब्लिकन उमेदवार मॅकेनला मत दिलं आणि आजही दिलं असतं. माझं छोटं दुकान आहे, चौदा माणसं कामाला. दर पंधरा दिवसांनी चौदा घरांचा पगार काढायचा म्हणजे काय असतं ते भाषण लिहिणाऱ्यांना माहीत नसतं. सरकारने आधीच बँकांना ७०० अब्ज डॉलर द्यायचं ठरवलंय, आता वर आणखी मोठं पॅकेज येतंय. हे पैसे कुणाची पोरं फेडणार? माझीच ना? बापाची आशा माझीही आहे, फक्त ती हिशोब विचारते.

पण एक गोष्ट सांगतो, कारण इथे सगळे एकाच बाजूचं लिहितायत. १० ऑक्टोबरला मिनेसोटातल्या सभेत एक बाई माईकवर मॅकेनला म्हणाली की मला ओबामाची खात्री वाटत नाही, तो अरब आहे. मॅकेनने तिच्या हातातून माईक घेतला आणि सांगितलं, नाही बाई, तो सभ्य, घरदार असलेला माणूस आहे, या देशाचा नागरिक आहे, आमचे मतभेद आहेत इतकंच. स्वतःच्याच सभेत. स्वतःच्याच लोकांनी हुर्यो केली तरी. (अरब असणं म्हणजे सभ्य नसणं का, हे माझ्या कॉलेजातल्या मुलीने मला लगेच विचारलं. बरोबर विचारलं.) ४ नोव्हेंबरला रात्री इथे फिनिक्सला मॅकेन हार मान्य करत असताना लोक हुटिंग करत होते, त्यांना त्याने हात वर करून गप्प केलं आणि म्हणाला की हा आता माझाही अध्यक्ष आहे. म्हणून काल मीही टीव्ही लावला आणि दुकानातल्या सगळ्यांना काम थांबवून बघू दिलं. तो माझाही अध्यक्ष आहे. चार वर्षांनी मी त्याला हिशोब मागेन, पण चार वर्षं त्याचं वाईट चिंतणार नाही. त्याचं वाईट झालं तर माझ्या चौदा घरांचं आधी होईल.

---

ओहायोची_आई | २१ जानेवारी २००९, रात्री ९:३०

निवडुंगदादा, तुमच्या हिशोबात माझीही एक ओळ लिहा.

माझ्या मुलाला टाइप १ डायबेटिस आहे, सहाव्या वर्षी कळलं, आता नऊचा आहे. दिवसाला पाचसहा वेळा बोट टोचून साखर बघायची. त्याच्या बोटांची टोकं आता सुई टोचून टोचून जाड झाली आहेत, माझ्या आजीची विडी वळून व्हायची तशी. ऑगस्टमध्ये नवऱ्याची नोकरी गेली. जुनाच विमा १८ महिने चालू ठेवता येतो, पण मालक भरायचा तो वाटाही आपण भरायचा. घराच्या हप्त्याइतका आकडा झाला. म्हणून बाहेरचा विमा बघितला. दोन कंपन्यांनी पत्र पाठवून नाही म्हटलं. कारण एकच, 'आधीपासूनचा आजार'. नऊ वर्षांच्या मुलाला. मी ती पत्रं त्याच्या हाती लागू नयेत म्हणून माळ्यावर ठेवली आणि त्याला ती सापडली. विचारत होता, "मी आधीपासून वाईट आहे का?"

ओबामाची आई १९९५ मध्ये कॅन्सरने गेली, ५२ वर्षांची होती. शेवटच्या महिन्यांत ती दवाखान्यातून विमावाल्यांशी भांडत होती, असं तो प्रचारात सांगायचा. ज्याने आईला त्या कागदांत बघितलंय तो हा प्रश्न विसरणार नाही, एवढ्यावर मी मत दिलं.

मुलांच्या सरकारी विम्याचं बिल १४ तारखेला संसदेच्या हाउसमध्ये पास झालंय. बुशने २००७ मध्ये ते दोनदा नाकारलं होतं. माझं लक्ष तिकडे आहे. शपथविधी मी खरं तर बघितला नाही, नोकरीच्या मुलाखतीला गेले होते. सात वर्षांनंतर पहिली.

---

कटगुण | २२ जानेवारी २००९, सकाळी ६:४५

साताऱ्याहून लिहितोय. मी शिक्षक. माझ्या पाचवीच्या मुलांना काल ओबामाचा फोटो दाखवला आणि महात्मा फुल्यांची गोष्ट सांगितली, ती इथेही सांगावीशी वाटते.

१८७३ मध्ये फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं. ते त्यांनी अर्पण केलं आहे अमेरिकेतल्या लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली त्यांना. आणि आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा अशी आशा त्याच पानावर आहे. पुण्यात बसलेल्या माणसाने, तार आणि टपालाच्या जमान्यात, तिकडच्या लढ्याकडे आपलं म्हणून पाहिलं. अमेरिकेतली गुलामी कायद्याने संपून तेव्हा आठच वर्षं झाली होती.

पुढे १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. हार्लेम ही काळ्यांची वस्ती तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. १९४६ मध्ये त्यांनी काळ्या अमेरिकनांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं की तुमच्या आणि आमच्या लोकांच्या स्थितीत फार साम्य आहे. त्याच कोलंबियातून ओबामा १९८३ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. माणदेशींनी ते हॉटेलातलं वाक्य लिहिलंय. आम्हाला ते वाक्य समजायला भाषांतर लागत नाही. महाडच्या तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा आहे, माझ्या आजोबांच्या हयातीतला.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, सर, आपल्याकडे असं कधी होणार? म्हटलं, दलित समाजातले के. आर. नारायणन राष्ट्रपती झाले की, १९९७ मध्ये. तिने ते नाव ऐकलंच नव्हतं. चूक तिची नाही, वर्गात ते आधी सांगायचं माझं काम होतं. आता भिंतीवर फोटो लावलाय.

---

जाईजुई_एडिसन | ५ फेब्रुवारी २००९, रात्री १०:१०

दोन आठवड्यांनी येतेय. सगळ्यांचे प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवले. कटगुण सर, तुमचा प्रतिसाद मी छापून घेतला आहे. मिशिगनकाठ, तुझ्याशी फोनवर बोलणं झालंच आहे, इथे काही लिहीत नाही.

ओहायोची आई, बिलावर काल सही झाली! तू बातमी बघितलीच असशील. चाळीसेक लाख जास्तीची मुलं त्यात येतील म्हणतात, खर्च सिगारेटवरच्या करातून. तुझ्या राज्यात अर्ज कधीपासून ते कळलं की इथे टाक, बऱ्याच जणांना उपयोग होईल. मुलाखतीचं काय झालं?

माणदेशींचा निरोप आला होता. फिनिक्सच्या ठिकाणी त्यांचं जमलं, कागद गेले आहेत. सायकल बरोबर नेतायत. निवडुंगदादा, देव तुमचं भलं करो.

नवऱ्याचं टेबल गेल्या शुक्रवारी रिकामं झालं. लिहिते कारण मीच काकांना सांगितलं होतं की लपवू नका. मृण्मयीलाही सांगितलं. तिने तिचा पिगी बँक आणून टेबलावर ठेवला आणि गृहपाठ करायला गेली.

आणि तिचं एक सांगायचं राहिलं. शपथेच्या वेळी सरन्यायाधीशांचे शब्द मागेपुढे झाले होते, आठवतं? ओबामा मध्येच थांबला आणि त्यांच्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हाइट हाउसमध्ये शपथ परत नीट घेतली. मुलांना हे फार आवडलेलं दिसतं, शाळेत त्याच्यावर बरीच चर्चा झाली.

काल पालकसभेला गेले होते. या वर्षीच्या बाई म्हणाल्या, "तुम्हाला एक विचारायचं होतं. परवा हजेरी घेताना मी मिनी म्हटलं, तर ती ओ देईना. मला वाटलं ऐकू आलं नाही. परत म्हटलं. ती नुसती माझ्याकडे बघत थांबली. रागाने नाही, शांतपणे. मग म्हणाली, 'मी थांबते, तुम्ही परत म्हणा.'" बाईंनी माझ्यासमोर वही आणि पेन सरकवलं. "मला नीट लिहून द्या. कुठे जोर द्यायचा तेही."

मी मोठ्या अक्षरात फोड करून लिहिलं. मृण्, मयी. मग मध्ये तिच्या बाबांचं नाव, मग आडनाव. बाई ओठ हलवत वाचत होत्या. तिसऱ्या वेळी 'मृ' बराचसा जमला.